खिडकी नसलेल्या घरातला पुदिना : विजेच्या उजेडावर रोपे वाढवण्याचा इतिहास

ऑनलाइन बाजारात ‘ग्रो लाइट’ असे शोधले की जांभळ्या उजेडात न्हालेल्या रोपांची छायाचित्रे रांगेने समोर येतात. कोणी ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणतो, कोणी ‘हजार वॅट’ म्हणतो, कोणी थेट अंतराळ संशोधनाचा दाखला देतो. किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. ज्याला अंगण आहे, गच्ची आहे, त्याच्यासाठी ही हौस आहे. पण मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या दाट मोहल्ल्यात असंख्य घरांत भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. तिथे एका कुंडीत पुदिना जगवायचा असेल तर विजेचा दिवा हा एकच उपाय उरतो. तो दिवा कोणता घ्यावा, हे दुकानदाराला विचारण्याआधी इतिहासाला विचारलेले बरे. कारण आज जाहिरातीत जे सांगितले जाते, त्याचा बहुतेक भाग गेल्या दीडशे वर्षांत कुणीतरी तपासून पाहिला आहे.

धूप आणि विजेची धूप

झाड उजेडावर जगते, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होते. ते प्रयोगाने दाखवले यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने. १७७९च्या उन्हाळ्यात त्याने लंडनजवळच्या एका घरात पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर ऊन पडले की बुडबुडे येतात आणि अंधार झाला की थांबतात. ऊन नुसते उबेसाठी लागत नाही, उजेडासाठी लागते, हे त्यातून ठरले. मराठीत आपण याला प्रकाशसंश्लेषण म्हणतो. उर्दूत त्यासाठी ‘जियाई तालीफ’ असा शब्द आहे. जिया म्हणजे उजेड आणि तालीफ म्हणजे जुळवून रचणे. उजेडाच्या मदतीने हवा आणि पाणी जुळवून अन्न रचणे, हा अर्थ त्या दोन शब्दांत आला आहे.

पुढचा प्रश्न साहजिक होता. उजेड सूर्याचाच हवा का? १८६१ मध्ये हर्वे मांगों या फ्रेंच संशोधकाने दाखवले की विजेच्या आर्क दिव्याखालीही अंधारात उगवलेले फिकट रोप हिरवे होते. रोपाला उजेडाशी मतलब, तो कुठून आला याच्याशी नाही, याचा हा ठोस पुरावा.

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तो विल्यम सीमेन्स या उद्योजक अभियंत्याने. जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. लंडनहून तेहरानमार्गे कलकत्त्यापर्यंत १८७० मध्ये जी तार सुरू झाली, ती सीमेन्स बंधूंचीच. टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या बंगल्यात त्याने वाफेच्या इंजिनावर डायनॅमो चालवला आणि काचगृहात आर्क दिवे लावले. मार्च १८८० मध्ये त्याने आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले. दिवसा ऊन आणि रात्री वीज मिळालेली रोपे जोमाने वाढली. उघड्या आर्कने पाने करपत, पण मध्ये काच धरली की इजा थांबे. या नव्या शेतीला त्याने ‘इलेक्ट्रो-हॉर्टिकल्चर’ असे नाव दिले.

सीमेन्सच्या लिखाणातली एक गोष्ट आज जास्त महत्त्वाची वाटते. ही शेती परवडेल की नाही हे विजेच्या किमतीवर ठरेल आणि जिथे धबधब्याची शक्ती फुकट मिळते तिथेच ती जमेल, असा हिशोब त्याने तेव्हाच मांडला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न रोपाचा कमी आणि खिशाचा जास्त होता. एका माणसाच्या बंगल्यात वाफेचे इंजिन होते म्हणून त्याला हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळाली. बाकीच्यांनी उन्हाळ्याची वाट पाहायची.

पालकाने विचारलेला प्रश्न

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लिबर्टी हाइड बेली याने १८८९च्या सुमारास हेच प्रयोग सुरू केले आणि १८९१ मध्ये त्यांचा अहवाल छापला. रात्री आर्क दिवा मिळालेले लेट्यूस लवकर बाजारात नेण्याजोगे झाले. पालकाचे मात्र उलट झाले. त्याला पाने धरण्याऐवजी फुलोरा येऊन बी धरू लागले. असे का, याचे उत्तर त्या वेळी कुणाकडे नव्हते.

ते मिळायला तीस वर्षे लागली. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अॅलर्ड तंबाखूच्या एका वाणावर काम करत होते. ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचे हे वाण उन्हाळाभर उंच वाढत राही, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात ठेवले की छोटे रोपही फुलत असे. तापमान, पाणी, खत असे सगळे तपासून झाल्यावर त्यांनी रोपे रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. उन्हाळ्यातच दिवस ‘लहान’ झाला आणि तंबाखू फुलला. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. झाड दिवसाची लांबी मोजते, हा त्याचा सारांश. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की झाड खरे तर रात्रीची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटे दिवा लावला तरी काही झाडांचा हिशोब बिघडतो.

आज शेवंतीची पॉलिहाऊस रात्री बल्बांनी उजळलेली दिसतात, ती याच शोधामुळे. शेवंतीला लांब रात्र मिळाली की फुले येतात. दांडा पुरेसा वाढेपर्यंत तिला फुलू द्यायचे नसते, म्हणून रात्र तोडायची. ड्रॅगन फ्रूटला उलट दिवस लांब हवा असतो, म्हणून व्हिएतनाममधले बागायतदार हंगाम नसताना रात्री बागेत दिवे लावतात. ती पद्धत आता आपल्याकडेही आली आहे.

घरातल्या कुंडीसाठी यातून निघणारा धडा साधा आहे. दिवा चोवीस तास लावून ठेवण्यात शहाणपण नाही. रोपाला विसाव्याची गरज नसते असे सीमेन्सला वाटले होते, पण पुढच्या संशोधनाने अंधारालाही काम असते हे दाखवले. पालेभाज्यांना बारा ते सोळा तास उजेड पुरतो, बाकी रात्र. पालक फार लांब दिवसात ठेवला तर बेलीच्या पालकासारखा बियावर जाईल.

जांभळ्या रंगाची कहाणी

आता जाहिरातीतल्या जांभळ्या रंगाकडे येऊ. १८८२ मध्ये थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला. त्याने शेवाळाच्या एका धाग्यावर सूक्ष्मदर्शकाखाली इंद्रधनुष्याचे रंग पाडले आणि पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी झाली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यापाशी. म्हणजे तिथे प्राणवायू जास्त, म्हणजे तिथे प्रकाशसंश्लेषण जास्त.

शाळेत आपण हेच पुढे नेऊन शिकवतो, की पान हिरवे दिसते म्हणजे ते हिरवा प्रकाश परत पाठवते, म्हणून हिरवा बिनकामाचा. वर्गात हे वाक्य सोपे पडते, पण ते अर्धेच खरे आहे. १९७२ मध्ये कीथ मॅक्री याने बावीस जातींच्या पिकांची पाने एकेका रंगाखाली ठेवून मोजणी केली. तांबडा सर्वांत प्रभावी निघाला, पण हिरवाही चांगलाच कामाचा निघाला. पान त्यातला थोडा भाग परत पाठवते आणि बहुतेक वापरते. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला सगळा प्रकाश रोपाच्या कामाचा, ही मोजपट्टी पक्की होण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. माणसाला दिसणारा उजेडही साधारण तोच. दुसऱ्या शब्दांत, ज्या पांढऱ्या उजेडात आपण पुस्तक वाचतो, त्यात रोपही जेवू शकते.

मग जांभळे दिवे आले कुठून? १९९१ मध्ये अमेरिकेत मॅडिसन इथल्या संशोधकांनी लेट्यूस तांबड्या एलईडीखाली वाढवून दाखवले. अंतराळयानात हलका, थंड आणि कमी वीज खाणारा दिवा हवा होता, म्हणून हा खटाटोप. तेव्हा चांगला निळा एलईडी नव्हता, म्हणून निळ्यासाठी ट्यूब जोडावी लागली. १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा केला. या शोधासाठी त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चे नोबेल मिळाले. तांबडा आणि निळा एकत्र आले आणि त्यांचा रंग जांभळा दिसला. त्या काळी विजेच्या प्रत्येक युनिटमागे सर्वांत जास्त उपयोगी प्रकाश याच दोन दिव्यांतून निघे, म्हणून तो रंग निवडला गेला. रोपाला जांभळा प्रिय आहे, असा त्याचा अर्थ नव्हता. २०१५च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीरांनी स्वतः वाढवलेले लेट्यूस खाल्ले. त्याची जांभळट छायाचित्रे जगभर गेली आणि तो रंगच विकाऊ झाला.

आजचा पांढरा एलईडी हा मुळात निळाच एलईडी असतो. त्यावर पिवळट लेप दिलेला असतो, म्हणून त्यातून निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग निघतात. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणून महाग विकला जाणारा दिवा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली पांढरी ट्यूब यांत फरक आहे, पण पुदिन्यासाठी त्या फरकाचे जादा पैसे मोजायला नकोत.

खिशाचा हिशोब

सीमेन्सचा प्रश्न भारतात सुटला तो सरकारी खरेदीने. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. गावोगावचा दिवा त्यामुळे बदलला. रोप वाढवण्याचे साधनही त्याच वाटेने गरिबाच्या घरात पोहोचले, जरी ते कुणाच्या मनात नव्हते.

सातवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, “सर, ट्यूबखाली मेथी येते का?” येते. फक्त उजेड किती लागतो याचा अंदाज हवा. बाहेर भर दुपारी उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. ट्यूब लावलेल्या आपल्या खोलीत तो शे-दोनशे लक्स असतो. आपला डोळा जुळवून घेतो म्हणून खोली उजळ वाटते, रोपाला मात्र ती अंधारीच असते. म्हणून छतावरचा दिवा उपयोगाचा नाही. दिवा रोपाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर हवा.

चार फूट लांब आणि फूटभर रुंद फळीसाठी २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब घ्याव्यात. मेथी, पुदिना आणि कोथिंबिरीची कोवळी पाने त्यावर निघतात. एकाच छोट्या कुंडीला ९ वॅटचा बल्ब जवळ टांगला तरी चालतो. मनी प्लांटला तर तो भरपूर होतो. मिरची, टोमॅटो आणि कबरीवर वाहतात तो सब्जा ही उन्हाची झाडे आहेत. इतक्या उजेडात ती जगतात, पण भरत नाहीत. बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला तर निसटणारा उजेड परत पानांवर पडतो. खोक्यावर ‘हजार वॅट’ लिहिले असले तरी मागच्या बाजूला प्रत्यक्ष वॅट किती हे वाचावे. वीजबिल त्यावरच येणार आहे, आणि उजेडही त्याच्याच प्रमाणात मिळणार आहे.

बिलाचा हिशोबही मांडू. ४० वॅट रोज १४ तास म्हणजे महिन्याला सुमारे १७ युनिट. आठ रुपये युनिट धरले तर १३५ रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशांत मंडईतून पुदिन्याच्या बऱ्याच जुड्या येतील. म्हणजे घरखर्च वाचवायला हा उद्योग करू नये. हिरवे काही डोळ्यांपुढे वाढावे, घरातल्या मुलांनी बीज फुटताना पाहावे, यासाठी करावा.

आणि माणसांचा उजेड?

या इतिहासाची एक बाजू आपल्या घरांशी जोडलेली आहे. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडावी, यासाठी त्याच्या अभियंत्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. समोरच्या भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळाचा तुकडा दिसेल, असा त्याचा अर्थ. सव्वाशे वर्षे उलटली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींमधली कोंदट, अंधारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. तिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यावर ऊन उतरतच नाही.

रोपासाठी ४० वॅटचा उपाय निघाला. रोपाची गरज किती आहे हे कुणीतरी मोजले आणि दिवा स्वस्त झाला, म्हणून तो निघाला. माणसाची गरज त्याहून आधी मोजून झाली आहे आणि तिचा उपाय विजेचा नाही. वाऱ्यासह येणारा उजेड ट्यूबमधून मिळत नाही. पुदिन्याची कुंडी जरूर लावा. पण पुनर्विकासाचा नकाशा मोहल्ल्यात दाखवायला आणतील, तेव्हा तळमजल्याच्या खिडकीतून आभाळ दिसणार की नाही, हा प्रश्न सही करण्याआधी विचारा.