वाळ्याच्या ताटीपासून कूलरपर्यंत

ग्रीष्माच्या दाहांत गारवा निर्माण करण्याची कला हिंदुस्थानांत जुनी आहे. पण तो गारवा टिकविण्यासाठीं कोणाचे हात राबले, याचा विचार क्वचितच होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘ऐने अकबरी’ या ग्रंथांत वाळ्याच्या मुळांच्या पडद्यांचा उल्लेख केला आहे. पाणी शिंपडल्यावर त्यांतून येणाऱ्या थंडाव्याचें त्याला मोठें कौतुक वाटे. पुढें १६६३ सालीं फ्रेंच वैद्य बर्निए यानें दिल्लीहून लिहिलेल्या पत्रांत श्रीमंतांच्या बागांतील वाळ्याच्या कुटी वर्णिल्या. सेवकांना पखालींतून पाणी आणून त्या बाहेरून भिजवितां याव्यात, म्हणून त्या हौदाजवळ उभारीत. गारवा आंतल्यांसाठीं आणि श्रम बाहेरच्यांसाठीं, अशी ती वाटणी होती.

यामागील शास्त्र सोपें आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते व ती बव्हंशीं हवेंतूनच घेतली जाते. म्हणून दारांत लावलेली ओली ताटी कोरड्या वाऱ्यांत गुणकारी ठरते, दमट हवेंत निष्प्रभ होते. वारा पडला, कीं तिचा उपयोग सरे. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांच्या बंगल्यांत ‘थर्मँटिडोट’ हें यंत्र आलें. एक मोठी पेटी, तिच्या बाजूंस ओल्या ताट्या व आंत हातानें फिरवावयाचा पंखा, अशी त्याची रचना असे. फॅनी पार्क्स या बाईंनीं १८५० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्याची माहिती दिली आहे. वाऱ्याची वाट पाहणें संपलें. मात्र पंखा फिरविणारा मजूर नव्यानें लागला.

विसाव्या शतकांत पंखा व पंप विजेवर चालूं लागले आणि भिस्ती व मजूर दोघांचेंही काम गेलें. विदर्भांत कूलरच्या गवती आवरणाला आजही ताटी म्हणतात. शब्द राहिला, तशी निगेची गरजही राहिली. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. ते ताटीचीं छिद्रें बुजवितात आणि पत्र्याची टाकी गंजूं लागते. लाकडी तंतूंची ताटी बहुधा दर उन्हाळ्यांत बदलावी लागते. कागदी जाळीची ताटी, पाणी वेळोवेळीं बदलल्यास, कांहीं हंगाम टिकते. याहून गंभीर गोष्ट आरोग्याची. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साचलेल्या पाण्यांत सुमारें आठवड्याभरांत वाढतो आणि त्याचीं अंडीं टाकीच्या कडांना चिकटून राहतात. म्हणून आठवड्यांतून एकदां टाकी रिती करून, घासून, कोरडी करणें अवश्य आहे.

पूर्वीं ही निगा नोकरांच्या हातीं असे व धन्याला तिची जाणीवही होत नसे. आतां ती घरच्या माणसांकडे आली आहे. यंत्रानें श्रम हलके केले. जबाबदारी मात्र तशीच ठेविली.