मराठी नाटकातील पत्नीचे आत्मभान

विवाहसंस्थेत आपले स्थान पतीच्या बरोबरीचे नाही, या पत्नीला होणाऱ्या जाणिवेचे चित्रण हा आधुनिक नाटकाचा एक महत्त्वाचा विषय होय. नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेन (१८२८–१९०६) याच्या ‘ए डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाने त्यास निश्चित रूप दिले. आजारी पतीसाठी नायिका नोरा हिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेले असते. ते उघड होताच पतीला तिच्या त्यागापेक्षा स्वतःच्या अब्रूची चिंता वाटते. या घरात आपण बाहुलीसारख्याच वावरलो, हे ओळखून नोरा पती व मुलांना सोडून जाते. हा शेवट यूरोपातही सहजी पचला नाही. १८८० मध्ये जर्मनीतील प्रयोगासाठी इब्सेनला, नोरा घरीच राहते असा पर्यायी शेवट लिहून द्यावा लागला.

महाराष्ट्रात हा प्रश्न रंगभूमीपूर्वी ग्रंथातून व न्यायालयात पुढे आला. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या निबंधात पती व पत्नी यांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या मोजमापांवर कठोर टीका केली. बालपणी झालेला विवाह अमान्य करणाऱ्या रखमाबाईंना मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये पतिगृही जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोडीने हा वाद मिटला. घर सोडू पाहणाऱ्या स्त्रीपुढे केवळ लोकापवादच नव्हे, तर कायदाही उभा होता. रूढीने काडीमोड मान्य असलेल्या जाती वगळता, मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग १९४७ च्या प्रांतिक कायद्याने व पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने खुला झाला.

इब्सेनचा प्रभाव मराठी रंगभूमीवर या कायद्यांच्या आधीच पोहोचला होता. प्र. के. अत्रे यांच्या ‘घराबाहेर’ (१९३४) या नाटकात विवाहित नायिकेचे घराबाहेर पडणे हाच मध्यवर्ती प्रसंग आहे. अनंत काणेकर यांनी ‘घरकुल’ (१९४१) या नावाने इब्सेनच्या नाटकाचे रूपांतर केले. मो. ग. रांगणेकर यांच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकात चित्रपटात काम करून कीर्ती मिळविणारी भानुमती व तिच्या यशाने दुखावणारा पती देवदत्त यांचा संघर्ष आहे. ज्योत्स्ना भोळे यांनी भानुमतीची भूमिका अविस्मरणीय केली. नायिकेला स्वत्वाची जाणीव होते. तथापि तिचे कुलवधूपण अबाधित राहते, हे शीर्षकातूनच सूचित होते.

या विषयाची सर्वांत तीक्ष्ण मांडणी विजय तेंडुलकर यांच्या ‘कमला’ (१९८१) या नाटकात आढळते. एका पत्रकाराने स्त्री विकत घेऊन तिचा व्यापार उघडकीस आणल्याच्या सत्य घटनेवर ते आधारलेले आहे. दिल्लीतील पत्रकार जयसिंग जाधव बिहारमधील बाजारातून कमलाला अडीचशे रुपयांत विकत आणतो व पत्रकारपरिषदेत उभी करतो. मालकाने तुम्हांला केवढ्याला घेतले, असा निरागस प्रश्न ती जयसिंगची पत्नी सरिता हिला विचारते. सुशिक्षित, संपन्न घरातील सरितेला या प्रश्नामुळे आपल्याही दास्याचा उलगडा होतो. मात्र जयसिंगची नोकरी जाते, तेव्हा ती त्याला सोडत नाही. आपले दास्य संपविण्याचा निर्धार ती करते, पण तो दिवस पुढे ढकलते.

नोरा दार ओढून घेते. सरिता ते उघडे आहे हे पाहूनही थांबते. दोघींमध्ये एका शतकाचे अंतर आहे आणि सरितेच्या काळी घटस्फोटाचा कायदाही अस्तित्वात होता. म्हणूनच तिचे थांबणे अधिक अस्वस्थ करते. बंधन कायद्यात उरले नसले, तरी ते पत्नीधर्माच्या संस्कारात शिल्लक राहते, हे ‘कमला’ दाखवून देते. प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ (१९९१) या नाटकात पतीच्या विश्वासघातानंतर विद्या त्याच्याशी तडजोड नाकारते, तेव्हा मराठी नायिकेच्या आत्मभानाचा पुढचा टप्पा दिसतो.