पेकिंगहून आलेले एक टिपण

श्वास आणि हालचाल यांची सांगड घालणारी एक साधना चीनमध्ये फार प्राचीन आहे. ‘छीकुंग’ हे तिचे नाव १९५० च्या दशकात रूढ झाले, परंतु इ. स. पूर्व १६८ मधील मावांगदुई येथील थडग्यात, १९७३ साली, रेशमावर रंगविलेल्या ४४ व्यायाममुद्रा सापडल्या.

युरोपला ह्या साधनेची ओळख करून देणाऱ्यांत पेकिंगमधील येशूसंघीय धर्मगुरू फादर पिएर-मार्शल सिबो अग्रणी होत. त्यांचे टिपण १७७९ साली पॅरिसमध्ये छापले गेले. ताओपंथी साधूंच्या भ्रामक समजुती त्यांनी बाजूला सारल्या. मात्र शरीराची ठेवण व श्वासाचे नियमन यांनी दुखण्याला उतार पडत असेल, तर वैद्यांनी ते तपासावे, असे सुचविले. पोप चौदावे क्लेमेंट यांनी १७७३ सालीच येशूसंघ विसर्जित केला होता. संघाचे छत्र हरपले, तरी फादरांची लेखणी थांबली नाही. १७८० साली ते पेकिंगमध्येच निवर्तले.

परधर्मीयांची साधना झिडकारावी की डोळे मिटून स्वीकारावी, हा पेच योगवर्गांच्या निमित्ताने आजही आम्हांपुढे येतो. संत पौलाने थेस्सलनीकाकरांना पारख करावयास सांगितले होते. फादर सिबो यांनी तेच केले: श्रद्धा अढळ राखली आणि रुग्णाच्या हिताचे ते नाकारले नाही.