भाऊच्या धक्क्याचे दुसरे टोक

मुंबई बंदराचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठमोठ्या गोद्यांपासून आरंभ करतात. कोकणच्या माणसास मात्र तो भाऊच्या धक्क्यापासून सुरू झाला असे वाटते, आणि हे वाटणे अगदीच अनाठायी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गलबतांतून येणाऱ्या उतारूंस मुंबईत उतरावयाची नीटशी सोय नव्हती; बोचकी डोक्यावर घेऊन चिखलपाणी तुडवीत किनारा गाठावा लागे. १८४० च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र ऊर्फ भाऊ अजिंक्य या गृहस्थांनी पदरच्या पैशाने धक्का बांधला, आणि तो वापरणाऱ्यांकडून पट्टी घेण्याची मुभा सरकारने त्यांस दिली. सरकारचा खर्च वाचला, भाऊंस उत्पन्न झाले आणि लोकांचे पाय कोरडे राहिले. (हल्लीचा माझगावचा धक्का तो नव्हे, नाव तेवढे तिकडे गेले.)

एका गृहस्थाने एक धक्का बांधला तोपर्यंत हा व्यवहार सर्वांच्याच सोयीचा होता. पुढे कंपन्या आल्या. १८५८ साली निघालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर समुद्र हटवून जमीन केली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसास सोन्याचा भाव आला आणि मुंबईत भरणीच्या कंपन्यांचे पेव फुटले. तेव्हा व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले की, माल उतरविण्याची जागाच एका कंपनीच्या मुठीत गेली तर ती मागेल तो दर मुकाट्याने द्यावा लागेल. अखेर १८६९-७० च्या सुमारास सरकारने त्या कंपनीची मिळकत विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. परंतु किनाऱ्याचा काही भाग अद्याप खाजगी मालकांकडेच होता. डेव्हिड ससून यांच्या पेढीने १८७५ साली बांधलेली ससून गोदी ट्रस्टने १८७९ साली खरेदी केली. जो किनारा मुळात सर्वांचा, तो परत सर्वांचा करण्यास असा पैसा मोजावा लागला!

ट्रस्टने कर्ज काढले आणि जहाजांवरील व मालावरील आकारणीतून ते फेडले. प्रिन्सेस गोदी १८८० साली, व्हिक्टोरिया १८८८ साली आणि अलेक्झांड्रा १९१४ साली सुरू झाली. बंदराने आपला खर्च आपण भागवावा, हे तत्त्व मुंबईस उत्तम मानवले, यात शंका नाही.

तेच तत्त्व लहान बंदरांस लावले तेव्हा काय झाले, याकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १८८२ साली मुंबई इलाख्यात सार्वजनिक उतारे व धक्के यांच्या वापराबद्दल शुल्क घेण्याचा कायदा झाला. पण हर्णै, जयगड, देवगड अशा ठिकाणी शुल्काचे उत्पन्न ते किती होणार? उत्पन्न अल्प म्हणून धक्का नाही, आणि धक्का नाही म्हणून माल व उतारू वाढत नाहीत, असा हा फेरा होता. आगबोट बहुतेक ठिकाणी खोल पाण्यात उभी राही. पडावातून तिच्या अंगाला लागावयाचे, लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशाने हात धरून ओढून घ्यावयाचे. बायामाणसांचे आणि म्हाताऱ्यांचे हाल तर पुसूच नयेत. पावसाळ्यात वाहतूक बंद. ज्या चाकरमान्यांच्या श्रमांवर मुंबईच्या गिरण्या व गोद्या चालल्या, त्यांच्या प्रवासाच्या एका टोकास दगडी धक्का होता आणि दुसऱ्या टोकास गुडघाभर पाणी. मुंबईच्या बंदराचे उत्पन्न मुंबईतच राहिले. हे कायद्यास धरून होते. न्यायास धरून होते असे आम्हांस वाटत नाही.

१९५० च्या राज्यघटनेने हा भेद मोडला नाही. मोठी बंदरे केंद्राकडे गेली आणि बाकीच्यांची व्यवस्था राज्यांकडे आली. महाराष्ट्रात १९९६ च्या कायद्याने लहान बंदरांसाठी सागरी मंडळ निर्माण झाले. तोपर्यंत कोकणचा उतारू एस. टी.च्या मोटारीकडे वळला होता, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर त्याने समुद्राकडे पाठच फिरविली.