न पाहिलेले मित्र : जळगावची ‘काव्यरत्नावली’ आणि १९०७ चे कविसंमेलन

ज्याचा चेहरा पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, अशा माणसाशी खरी मैत्री जडते का? हा प्रश्न मोबाइलच्या पडद्याबरोबर जन्मला असा समज आहे. खानदेशात तो शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

१८८७ मध्ये जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ सुरू केली. केवळ कवितेला वाहिलेले मासिक, तेही पुण्या-मुंबईपासून दूर! असले धाडस आजही सहसा कोणी करणार नाही. पाव आण्याच्या पोस्टकार्डाचा तो काळ. गावोगाव विखुरलेले कवी परस्परांना ओळखत ते छापील ओळींवरून. त्यांची नावेसुद्धा पुष्कळदा धारण केलेली असत. कृष्णाजी केशव दामले झाले ‘केशवसुत’; धुळ्यात जन्मलेले विनायक जनार्दन करंदीकर वाचकांना नुसते ‘विनायक’ म्हणून ठाऊक. भडगाव, फैजपूर येथे शिक्षकी केलेल्या केशवसुतांचे तर एकही छायाचित्र उपलब्ध नाही.

या ओळखीला मैत्री म्हणावे का? शंका रास्त आहे. कडव्यात माणूस स्वतःला हवा तेवढाच दाखवतो. त्याचा राग, त्याचे दारिद्र्य, त्याचे घर टपालातून येत नाही.

१९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले आणि कागदावरची ही मंडळी समोरासमोर आली. केशवसुत मात्र नव्हते. १९०५ मध्येच हुबळीला त्यांचा अंत झाला होता. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे याने सभेपुढे कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ठरवले. हे नाव पानावरून मिळणारे नव्हते. त्यासाठी तो कोवळा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहावा लागला.

सभेत रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा आप्तांनी पाठ फिरवली होती. पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. अशा माणसाच्या पंगतीला बसणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कवितेच्या मंडळात मात्र त्यांना आसन होते. पुढे ठोमरे अहमदनगरला टिळकांच्याच घरी राहिले. हिंदू घरातला तरुण ख्रिस्ती कुटुंबात मुलासारखा वावरतो, याची सामाजिक किंमत दोन्ही बाजूंना ठाऊक होती, आणि तरीही ते घडले.

म्हणजे भेटीनेच मैत्री झाली का? तसे म्हणणे घाईचे ठरेल. वीस वर्षे मासिकाने माणसे जोडली नसती, तर जळगावच्या त्या सभेला कोण कशाला आले असते? धर्मापलीकडे जाऊन एकमेकांना आपले मानण्याची सवय आधी कागदावरच लागली होती. घराचे दार मात्र प्रत्यक्षच उघडावे लागले.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकावर रेल्वे अपघातात बालकवी गेले; पुढच्याच वर्षी टिळक. ‘काव्यरत्नावली’ १९३५ पर्यंत चालली. त्याच सुमारास लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होत होती. त्यांत ठोमरे येतात ते घरातला एक हट्टी, लाडका मुलगा म्हणून.