ट्रक रेसच घेत नाही? दोष इंजिनात नाही, ड्रायव्हरच्या पायाखालीही असू शकतो

माल भरलेला ट्रक घाट चढतोय. ड्रायव्हर रेस देतो, पण इंजिन जागचं हलत नाही. आवाज तसाच, आरपीएम तेवढाच आणि समोर मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा. बोरघाट, कसारा किंवा खंबाटकीत मागे वाहनांची रांग लागते आणि पहिली शंका येते ती पंप गेला, नोझल गेले किंवा इंजिन बसलं याची.

पण गेल्या काही वर्षांतल्या ट्रकमध्ये या लक्षणामागे अनेकदा एक छोटा भाग असतो. गॅरेजच्या भाषेत त्याला थ्रॉटल सेन्सर म्हणतात, पुस्तकी नाव अॅक्सिलरेटर पेडल पोझिशन सेन्सर. गंमत म्हणजे कित्येकदा तो सेन्सरही चांगलाच असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत जाणारी तार. त्यामुळे तपासणी न करता थेट नवा सेन्सर बसवला, तर पैसेही जातात आणि गाडी पुन्हा तिथेच थांबते.

हा सेन्सर नेमका करतो काय?

जुन्या ट्रकमध्ये मामला सरळ होता. रेसचं पेडल दाबलं की केबल किंवा सळई ओढली जायची, ती डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडलेली असायची आणि पंप जास्त डिझेल सोडायचा. पायाचा आणि पंपाचा थेट संबंध.

बीएस ४ नियम १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, बीएस ६ १ एप्रिल २०२० पासून. धुरावर इतकं कडक नियंत्रण ठेवायचं तर डिझेल किती आणि कधी सोडायचं हे संगणकाने ठरवणं गरजेचं झालं. हा संगणक म्हणजे ईसीएम. आता बहुतेक ट्रकमध्ये पेडल काहीच ओढत नाही. ते फक्त ईसीएमला सांगतं की पाय किती दाबला आहे. हे सांगण्याचं काम पेडलला बसवलेला सेन्सर करतो.

ईसीएम या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा देतो. पाय जसा दाबला जातो तसा सेन्सर परत पाठवत असलेला व्होल्टेज वाढत जातो. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असली तरी हा हिशेब ५ व्होल्टच्या आतच चालतो.

एकाच पेडलमध्ये दोन सेन्सर का?

सुरक्षेसाठी. समजा एकच सेन्सर आहे आणि त्याने चुकून "पाय पूर्ण दाबलाय" असं कळवलं, तर गाडी आपोआप पळत सुटेल. म्हणून बहुतेक पेडलमध्ये दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि त्यांच्या एकूण सहा तारा असतात: दोन पुरवठ्याच्या, दोन अर्थिंगच्या, दोन सिग्नलच्या.

अनेक गाड्यांमध्ये पहिला सिग्नल पाय काढल्यावर साधारण ०.७५ व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर ४ व्होल्टच्या आसपास असतो. दुसरा नेहमी त्याच्या निम्मा. ईसीएम सतत दोघांची तुलना करतो. हिशेब जुळला नाही की तो पेडलवर विश्वास ठेवत नाही. काही मॉडेलमध्ये दुसऱ्या सेन्सरऐवजी पाय काढलाय की नाही एवढंच सांगणारा आयडल स्विच असतो.

विश्वास उडाल्यावर ईसीएम गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो. एक सिग्नल गेला तर ताकद कमी होते आणि गाडी सावकाश उचल घेते. दोन्ही गेले तर इंजिन आयडलवर किंवा त्याहून थोड्या जास्त आरपीएमवर अडकून राहतं. नेमकं काय होईल ते कंपनीनुसार बदलतं. ड्रायव्हरला हा बिघाड वाटतो, पण प्रत्यक्षात ती गाडीने स्वतःच घेतलेली खबरदारी असते.

सेन्सरचाच दोष आहे हे कसं ओळखायचं?

गाडी ओढत नाही याची कारणं बरीच असतात. डिझेल फिल्टर चोक झाला, टर्बोचा पाइप फाटला, एअर फिल्टर भरला किंवा बीएस ६ गाडीत युरिया संपला तरी ताकद कमी होते.

फरक ओळखायची एक साधी खूण आहे. डिझेल किंवा हवेची अडचण असेल तर गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये सहसा रेस घेते आणि लोड आला की मान टाकते. पेडलच्या सिग्नलचा दोष असेल तर न्यूट्रलमध्येही रेस घेत नाही, मध्येच घेते आणि मध्येच सोडते, किंवा पाय काढल्यावरही आरपीएम लगेच उतरत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की दोष येणं आणि जाणं ही सैल तारेची खूण.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे ब्रेकचा स्विच. तो चिकटला तर ईसीएमला वाटतं ब्रेक दाबलेला आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेक आणि रेस एकत्र आले की रेसकडे दुर्लक्ष केलं जातं. म्हणून मागचे ब्रेक लाइट विनाकारण चालू आहेत का, हे आधी बघायला हवं.

तपासणी कशी करतात?

१. स्कॅनर लावून कोड लिहून घेणं. कोड आधी खोडायचा नाही, कारण तोच पुरावा असतो. लहान गाड्यांत पी २१२२, पी २१२३, पी २१२७, पी २१२८ हे पेडलच्या सिग्नलचे कोड आहेत आणि पी २१३८ म्हणजे दोन सिग्नलचा मेळ बसत नाही. मोठ्या ट्रकमध्ये एसपीएन ९१ हा क्रमांक दिसतो. त्यापुढे एफएमआय ३ असेल तर व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, एफएमआय ४ असेल तर कमी आणि एफएमआय २ असेल तर सिग्नल बेभरवशाचा. इथे लक्षात ठेवायचं ते एवढंच की कोड "पेडलच्या सर्किटमध्ये गडबड आहे" इतकंच सांगतो. "सेन्सर बदला" असं तो कधीच सांगत नाही.

२. लाइव्ह डेटा बघणं. चावी ऑन, इंजिन बंद. पेडल अगदी हळू दाबायचं. आकडा ० पासून १०० टक्क्यांपर्यंत सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर पडला तर तीच दोषाची जागा.

३. तारा हलवून बघणं. स्कॅनरवर नजर ठेवून पेडलजवळची वायरिंग आणि कनेक्टर हाताने हलवायचे. आकडा नाचला तर सेन्सरवर पैसे घालायची गरज नाही. केबिन उलटताना ताणल्या जाणाऱ्या तारा, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग, गाडी धुताना कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि पिनांवर चढलेला हिरवट थर हे नेहमीचे आरोपी. पेडल ड्रायव्हरच्या पायाशी असल्याने चिखल आणि पाणी थेट तिथेच जमतं. मॅट सरकून पेडलखाली अडकलंय का, हेही याच वेळी बघायचं.

४. मल्टिमीटरने मोजणं. कनेक्टरच्या मागच्या बाजूने प्रोब लावून पुरवठ्याच्या पिनवर साधारण ५ व्होल्ट येतात का ते बघायचं. अर्थिंगच्या पिनवर जवळपास शून्य हवं. दोन्ही ठीक असतील आणि तरीही सिग्नल चुकत असेल, तरच संशय सेन्सरवर येतो.

५ व्होल्ट येतच नसतील तर? चावी बंद करून पेडलचा कनेक्टर काढायचा, चावी पुन्हा ऑन करून मोजायचं. व्होल्टेज परत आला तर पेडल आतून शॉर्ट आहे. नाही आला तर दोष तारेत, ईसीएममध्ये किंवा त्याच लाइनवरच्या दुसऱ्याच एखाद्या सेन्सरमध्ये असतो. काही गाड्यांमध्ये एकच ५ व्होल्टची लाइन अनेक सेन्सरना वाटलेली असते. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचाच पुरवठा बसतो आणि बिचाऱ्या पेडलचं नाव येतं.

टेस्ट लॅम्प का लावायचा नाही?

वायरमनच्या हातात बल्ब जोडलेली टेस्ट लॅम्प असतेच. हेडलाइट, हॉर्नसाठी ती उत्तम. पण सेन्सरची लाइन अगदी कमी करंटसाठी बनवलेली असते. बल्ब त्यापेक्षा खूप जास्त करंट ओढतो आणि त्यात ईसीएमला इजा होऊ शकते. ईसीएमची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. म्हणून इथे मल्टिमीटरच. तारेचं कव्हर सुईने टोचून मोजणंही टाळायचं, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं.

आजकालचे बरेच सेन्सर चुंबकावर चालणारे, म्हणजे हॉल प्रकारचे असतात. त्यांचा रेझिस्टन्स मोजून काहीच कळत नाही. जुन्या, घासून चालणाऱ्या सेन्सरसाठीच ती पद्धत उपयोगाची.

बदलताना काय काळजी घ्यावी?

बहुतेक ट्रकमध्ये सेन्सर वेगळा मिळत नाही, पेडलसकट पूर्ण असेंब्लीच बदलतात. काम अवघड नाही. चावी बंद करून थोडं थांबायचं, मग बॅटरीचा कट-ऑफ बंद करायचा, कनेक्टरचं लॉक उघडायचं, पेडलचे मोजके बोल्ट सोडायचे आणि नवं पेडल बसवायचं.

खरी चूक होते ती पार्ट घेताना. बीएस ६ ट्रकमध्ये इंजिनवर हवेच्या वाटेत एक थ्रॉटल व्हॉल्व्हही असतो. एक्झॉस्टचा धूर परत फिरवणं आणि डीपीएफचं तापमान राखणं यासाठी तो लागतो आणि त्यालाही स्वतःचा सेन्सर असतो. दुकानात नुसतं "थ्रॉटल सेन्सर द्या" म्हटलं तर भलताच पार्ट हातात येऊ शकतो. म्हणून जुन्या पेडलवरचा पार्ट नंबर आणि चेसिस नंबर जुळवूनच खरेदी करावी. दिसायला सारखं पेडल असलं तरी आतले व्होल्टेज वेगळे असू शकतात.

बसवून झालं की कोड खोडायचा आणि लाइव्ह डेटावर ० ते १०० टक्के पुन्हा बघायचं. काही मॉडेलमध्ये नव्या पेडलची ओळख ईसीएमला करून द्यावी लागते. कुठे ते चावी ऑन करून पेडल पूर्ण दाबून सोडल्यावर होतं, कुठे कंपनीचा स्कॅनरच लागतो. शेवटी लोडवर एक फेरी आणि मग पुन्हा एकदा कोड तपासणं.

जुगाड का महागात पडतो?

रस्त्यात अडकल्यावर दोन सिग्नलच्या तारा एकत्र जोडण्याचा किंवा मध्ये रेझिस्टर टाकण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. दोन सिग्नल असण्याचं कारण एकमेकांची चूक पकडणं हे आहे. ते जोडले तर गाडी एकतर लिंप मोडमध्येच राहील, नाहीतर चुकीचा सिग्नल पकडणारी यंत्रणाच निकामी होईल. पाय काढल्यावरही रेस न सोडणारा भरलेला ट्रक उतारावर काय करू शकतो, ते सांगायची गरज नाही.

रस्त्यात गाडी थांबली तर?

गाडी शक्य तेवढी डावीकडे घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, मागे पुरेशा अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवायचा. चाकाखाली दगड लावला असेल तर निघताना तो उचलायचा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. चावी बंद करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा सुरू केल्यावर कधीकधी गाडी रेस घेते. पण ती दुरुस्ती नव्हे. तेवढ्यात सुरक्षित जागा गाठायची, घाट चढायला घ्यायचा नाही.

आणि ई-वे बिल विसरायचं नाही. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. गाडी गॅरेजमध्ये अडकली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधी किंवा नंतर ती वाढवून घेता येते. माल दुसऱ्या गाडीत भरला तर नव्या गाडीचा नंबर बिलात भरावा लागतो. हे राहिलं, तर पेडल नीट होऊनही पुढच्या तपासणीत गाडी अडते.

थोडक्यात, क्रम असा: आधी कोड, मग तारा आणि कनेक्टर, मग ५ व्होल्ट आणि अर्थिंग, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन. मेकॅनिक गाडी बघताक्षणी "सेन्सर गेला, बदलावा लागेल" म्हणाला, तर मालकाने एकच प्रश्न विचारावा: "मीटर लावून बघितलंत का?"