नववा, पहिला, नववा

चंडीगडच्या आयटी पार्कच्या पलीकडे पंचकुला लागते. तेथील ताऊ देवीलाल मैदानावर ८ मार्च २०१८ रोजी मिनर्व्हा पंजाबने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला १-० असे हरवून आय-लीगचे विजेतेपद मिळविले. आदल्या हंगामात हाच संघ दहांत नववा होता. फगवाड्याच्या जेसीटीने १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकल्यानंतर हा मान पंजाबकडे प्रथमच आला. पराभूत गोवेकरांवर मात्र खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आली. पुढे महासंघाने त्यांना अभय दिले.

आणि पुढल्याच हंगामात चर्चिल चौथे आले, विजेते मिनर्व्हा अकरांत पुन्हा नववे! भूतानचा चेंचो संघ सोडून गेला होता, हे खरे. तरी एवढी घसरण त्या एका कारणाने उलगडत नाही. नवव्या क्रमांकावरून निघालेल्याला गमवावयाचे काही नसते, म्हणून तो धाडसाने चेंडू पुढे नेतो. मुकुटधारी संघाला प्रत्येक बरोबरीही पराभवासारखी बोचते, आणि प्रतिस्पर्धी तर त्याच्यापुढे कंबर कसूनच उतरतात. हे ओझे सरावाच्या मैदानावर दिसत नाही; सामन्यात पाय जड झाले, की कळते. उलट, मरणाच्या दारातून परतलेल्या चर्चिलच्या विलिस प्लाझाने त्या हंगामात २१ गोल केले.

पंजाबच्या संघाने नव्या मालकीत, नव्या नावाने २०२२-२३ मध्ये पुन्हा आय-लीग जिंकली.